नारळी पौर्णिमेचे फोटो हवेत? मग जूनमध्ये कोळीवाड्यात जा

पुण्याच्या एका तरुण छायाचित्रकाराने विचारले आहे. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचे सण आणि रोजचे जगणे टिपण्याचा त्याचा बेत आहे. सुरुवात नारळी पौर्णिमेला वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यातून, पुढे डहाणूकडचे वारली आणि जमलेच तर अंदमान. मागे एकदा मासळी बाजारात कॅमेरा काढला तेव्हा एका मावशींनी त्याला चार शब्द सुनावून हाकलले होते. आता परवानगी कोणाची घ्यायची, पैसे द्यायचे का, लेन्स कोणती आणि पुढे प्रदर्शन भरवले तर चालेल का, असे त्याचे प्रश्न आहेत.

लेन्सचे शेवटी बघू. आधी तारीख बदला. नारळी पौर्णिमेला पहिल्यांदा कोळीवाड्यात पाऊल ठेवणारा माणूस जे फोटो घेऊन परततो, ते सगळ्यांकडे असतात: सोनेरी कागदात मढवलेला नारळ, लुगड्यातल्या नटलेल्या बायका, ब्रास बँड आणि नारळ सोडताना पुढ्यात उभे असलेले वीसेक मोबाइल. त्या दिवशी कोणाला तुमच्याशी बोलायला सवड नसते. आणि खरे सांगायचे तर मुंबईतल्या मोठ्या कोळीवाड्यांत त्या संध्याकाळचा बराचसा भाग आता कॅमेऱ्यासाठीच असतो. स्टेज लागते, पाहुणे येतात, सत्कार होतात. त्यात खोटे काही नाही, सणाचे रूप बदलते. पण तेवढेच टिपून 'कोळ्यांचे जीवन' असे नाव दिलेत, तर गावातली पोरेच तुम्हाला हसतील.

म्हणून जून-जुलैत जा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. जाळी विणणे, सांधणे, इंजिन खोलणे, लाकडाला रंग देणे अशी सगळी कामे जमिनीवर चालतात. तांडेल (बोटीचा कप्तान), खलाशी घरी असतात. एरवी ज्याला विचारायला गेलात तर 'नंतर ये' म्हणेल, तोच माणूस या दिवसांत जाळ्याच्या ढिगावर बसून दोन तास बोलतो. उजेडही बरा असतो. ढगांमुळे सावल्या मऊ पडतात, ओल्या रंगाचे लाल-निळे उठून दिसतात. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. दुसऱ्या भेटीत बाहेर काढा आणि तिसऱ्या भेटीला जाल तेव्हा आधीच्या फोटोंच्या प्रिंटा घेऊन जा. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्याच दिवशी खाली सरकून जातो. पाच बाय सातची प्रिंट दिलीत तर ती काचेच्या कपाटात लागते आणि पुढच्या खेपेला घरातली म्हातारी आजी तुम्हाला स्वतःहून हाक मारते. कोळीवाड्यात छायाचित्रकारांविषयी सर्वांत मोठी तक्रार 'फोटो काढला' ही नसते, 'नेला आणि दिला नाही' ही असते.

आता परवानगी. ती एका माणसाकडून मिळत नाही, हे बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. सणाच्या मिरवणुकीसाठी गावची जमात (गावाची पंचायत), पाटील किंवा त्या गल्लीचे मंडळ. जेट्टी आणि बोटी यांसाठी मच्छीमार सोसायटी. बोटीवर चढायचे तर नाखवा, म्हणजे बोटीचा मालक. पण मासळी एकदा किनाऱ्याला लागली की कारभार बायकांचा. वाटे लावणे, भाव ठरवणे, उधारी लिहिणे, सगळे त्यांच्या हातात. नाखव्याने 'काढ रे फोटो' म्हटले म्हणून त्याच्या बायकोच्या पाटीसमोर कॅमेरा रोखता येत नाही. तुम्हाला ज्या मावशींनी हाकलले त्यांचा राग समजून घ्या. बाजारात पहिल्या तासा-दीड तासात जो धंदा होतो तोच खरा. त्या वेळी तुम्ही गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहता, ओणवे होऊन लेन्स पुढे करता आणि मागची दोन गिऱ्हाइके शेजारणीकडे वळतात. गर्दी ओसरल्यावर जा, तिच्याकडून मासे घ्या, फार घासाघीस करू नका, मग विचारा. 'मावशी, एक काढू का?' एवढे पुरते. नाही म्हणाली तर खरोखर नाही. दूर जाऊन दोनशे मिलिमीटरने तोच फोटो काढला तर तिला दिसत नाही असे समजू नका. बाजारात नजर ठेवणे हेच तर तिचे काम.

पुरुष संशयाने बघतात त्याची कारणे वेगळी आहेत. २००८ च्या २६/११ चे हल्लेखोर मासेमारी बोट पळवून आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तेव्हापासून जेट्टीवर अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन बोटींचे फोटो काढू लागला की कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवे. ओळखपत्र खिशात असू द्या आणि समुद्रात जायचे असेल तर कागदपत्रे व लाइफ जॅकेटचे काय ते सोसायटीकडून आधी नीट समजून घ्या. नाखव्याच्या भिडेपोटी असेच चढलात, तर कारवाई त्याच्यावर होते. ससून डॉक हा १८७५ चा धक्का. तिथला पहाटेचा लिलाव फार देखणा, पण परवानगीशिवाय आत फोटो काढायला मनाई आहे. मुंबईत ड्रोनचा तर विचारच सोडा. पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात आणि वेसाव्याच्या उशाशी जुहूची धावपट्टी आहे.

दुसरे कारण जमिनीचे. कोळीवाड्यांच्या हद्दी ठरवण्याचा, त्यांचे काही भाग झोपडपट्टी म्हणून दाखवले जाण्याचा वाद मुंबईत वर्षानुवर्षे चालू आहे. गावठाण की झोपडपट्टी, यावर घर, अंगण, जाळी वाळवण्याची जागा, सगळे अवलंबून आहे. तुम्ही अरुंद गल्लीचा, ताडपत्रीचा, सांडपाण्याचा एक जोरकस फोटो काढता आणि खाली 'मुंबईच्या झोपडपट्टीतील जीवन' असे लिहून टाकता. तुमच्या दृष्टीने ती साधी ओळ, त्यांच्या दृष्टीने विरुद्ध बाजूच्या हातात दिलेला कागद. वरळीच्या कोळ्यांना किनारी रस्त्याच्या पुलाखालून बोटी नेता याव्यात यासाठी दोन खांबांतले अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला दीर्घकाळ झगडावे लागले. अशा गावात शब्द जपून वापरा. फोटोओळ गावातल्याच कोणाला तरी वाचून दाखवा, मगच टाका.

बोटीवरच्या क्रमांकाचेही तसेच. जाळ्यात आलेल्या चिमुकल्या पापलेटांचा ढीग दिसायला छान दिसतो. पण २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला तो सातपाटीच्या मच्छीमारांनी त्याच्या घटत्या संख्येकडे लक्ष वेधले म्हणून, आणि लहान मासळी पकडणे, एलईडी दिव्यांनी मासेमारी करणे यावरून कोळ्या-कोळ्यांतच भांडणे आहेत. नोंदणी क्रमांक दिसणारी बोट आणि लहान मासळी एकाच चौकटीत आली, की तो फोटो राहत नाही, आरोप होतो. तुम्हाला आरोपच करायचा असेल तर जाणूनबुजून करा, पुरावा गोळा करा. नकळत करू नका.

रोजचे जगणे टिपायचे तर घड्याळ बाजूला ठेवा आणि पंचांग हातात घ्या. 'पहाटे पाचला जा, सगळे मिळेल' हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो अर्धवट आहे. खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यात बोटी पाणी असेल तेव्हाच आत येतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईत थोडा फरक पडतो, नेमक्या वेळा भरतीच्या कोष्टकात बघून घ्या, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. डोल जाळे लावणाऱ्यांचे तर सगळे कामच पाण्याच्या ओढीवर. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची, म्हणून काम जास्त. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी सुस्त, तेव्हा माणसे बोलायला मोकळी. भेटी भांगाला, कामाचे फोटो उधाणाला, असे वाटून घेतलेत तर खेपा वाया जाणार नाहीत.

हाच हिशेब नारळी पौर्णिमेला लावून बघा. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती. म्हणजे मिरवणूक धक्क्यावर पोचते त्या संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेले असते. खाडीकडच्या बाजूला बोटी चिखलात कलंडलेल्या दिसतात. खवळलेल्या लाटांत नारळ सोडणारा तांडेल अशी चौकट मनात ठरवून गेलात तर निराश व्हाल. त्याऐवजी धक्क्याच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या खालच्या रेषेजवळ जागा धरा आणि वर बघून फोटो काढा. मागे आकाश येते, मोबाइल चौकटीबाहेर राहतात. अर्थात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा आधी दिवसा जाऊन बघून ठेवा.

त्या दिवसाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा वेळ दुपारी तीन ते पाच. घराघरांत नारळीभाताचा वास सुटलेला असतो. बायका एकमेकींना लुगडी नेसवत असतात. कोळी पद्धतीचे ते घट्ट नेसणे एकटीला नीट जमत नाही, मागून दुसरीला ओढावे लागते, आणि त्या ओढाओढीत हसणे, चिडणे, 'अगं सैल झालं' सगळे चालते. पेटीतून दागिने निघतात, कोणाचा हार कोणी घालायचा यावर चर्चा होते. गल्लीत पोरे नारळफोडी खेळत असतात. या खोल्यांत परक्या पुरुषाला कोण घेईल? कोणीही नाही. जूनपासून तुम्हाला ओळखणारी आजी मात्र घेईल, तीही दाराशी बसायला सांगून. छायाचित्रकार मैत्रीण असेल तर हा भाग तिच्याकडे सोपवा, फोटो खचितच जास्त चांगले येतील. दागिन्यांच्या फोटोंत एक पथ्य: घर ओळखू येईल अशी पाटी, गल्लीचे नाव त्यात येऊ देऊ नका. चोराला आयते आमंत्रण कशाला?

काही गोष्टी विचारल्याशिवाय काढायच्याच नाहीत. देवळात कौल लावताना, अंगात आलेल्या बाईचा चेहरा, हळदीच्या रात्री प्यालेले पाहुणे, समुद्रात गेलेला माणूस परतला नाही अशा घराचा उंबरा. लग्नात धवलारीण गाणी म्हणते तेव्हा फोटोला सहसा हरकत नसते, पण तिचा आवाज रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणे ही वेगळी परवानगी आहे. ती वेगळीच मागा आणि तिचे नाव द्या. बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पूजा होते, तिथे बूट घालून चढू नका. गोराई, उत्तन, वसईकडचे ख्रिस्ती कोळी बोटींना पाद्रींकडून आशीर्वाद घेतात. कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात जाणाऱ्या पालख्यांबरोबर तोही विधी तुमच्या प्रकल्पात असायला हवा. नसेल तर तुमच्या 'कोळी' या शब्दात अर्धाच किनारा येईल.

जीन्स, प्लास्टिकचे क्रेट, हातातला मोबाइल, हे चौकटीतून वगळायची खोड लवकर मोडा. यात आपण काही नवे करत नाही. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचे जे खंड काढले, त्यांत माणसांचे फोटो एकीकडे घेऊन त्यांच्यामागे भलतीच पार्श्वभूमी जोडलेली आहे. अमेरिकेत एडवर्ड कर्टिसने १९१० मध्ये एका तंबूत काढलेल्या फोटोत दोन माणसांच्या मधले घड्याळ नंतर पुसून टाकले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वाक्वाकावाक्व लोकांबरोबर त्याने १९१४ चा चित्रपट केला, त्यासाठी त्यांना केसांचे टोप आणि सीडर झाडाच्या सालीचे जुन्या धाटणीचे कपडे घालायला लावले. त्याच वेळी त्या लोकांचा पॉटलॅच हा खरा, जिवंत समारंभ कॅनडाच्या कायद्याने गुन्हा ठरवला होता, १८८५ पासून थेट १९५१ पर्यंत. म्हणजे कॅमेऱ्यासमोर जुने दिवस वठवायला मुभा आणि स्वतःच्या घरी विधी केला तर तुरुंग! गंमत अशी की त्याच चित्रपटातली नाचांची, होड्यांची दृश्ये आज त्यांचे वंशज आवडीने बघतात, कारण त्यांत त्यांचे पणजोबा आहेत. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर नाव, गाव, तारीख आणि काय चालले होते ते लिहून ठेवा. नाव छापायचे की नाही ते त्या माणसाला विचारून ठरवा, पण स्वतःच्या नोंदीत ते हवेच. 'कोळी स्त्री, मुंबई' या ओळीवरून पन्नास वर्षांनी तिच्या नातीला काहीही सापडणार नाही.

पैशांचे विचारलेत. पोज देण्याचे सुटे पैसे देऊ नका. एका गल्लीत दिलेत की पुढच्या गल्लीत भाव फुटतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्याचे काम बिघडते. मात्र कोणाचा कामाचा दिवस तुम्ही घेतलात, बोट तुमच्यासाठी काढायला लावलीत, तर डिझेल आणि दिवसाची मजुरी द्या, घासाघीस न करता. फोटो जाहिरातीला, कॅलेंडरला, स्टॉक संस्थेला विकणार असाल तर मराठीत एका पानाचा करार, रक्कम लिहून, सही घेऊन. तोंडी 'हो' ही प्रदर्शनापुरती धरावी. स्टॉकला दिलेला चेहरा उद्या कुठल्या औषधाच्या जाहिरातीत दिसेल ते तुमच्याही हातात नसते.

डहाणूकडे जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सरकारी यादीनुसार वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी अनुसूचित जमातींत आहेत. मुंबईचे सोनकोळी नाहीत, जरी मुंबईचे मूळ रहिवासी आपणच असे ते हक्काने सांगतात आणि त्यांच्याशी कोणी फारसा वाद घालत नाही. सगळ्यांना 'आदिवासी' या एका शीर्षकाखाली टाकू नका. आणि वाढवण बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिल्यापासून तिथल्या किनाऱ्यावर प्रत्येक अनोळखी कॅमेऱ्याला 'सर्वेला आलात का?' असा प्रश्न येतो. उत्तर तयार ठेवा, सोबत गावातला माणूस असू द्या. वारली लग्नात भिंतीवर चौक हे देवीचे चित्र काढले जाते, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. विकायला काढलेल्या चित्रांचे फोटो आणि देवीसाठी काढलेल्या चौकाचा फोटो या एक गोष्टी नव्हेत, चौकाला घरच्यांची वेगळी संमती लागते. तारपा नाच बघायचाच तर भाताच्या हंगामात गावात बघा. रिसॉर्टच्या हिरवळीवर होणारा कार्यक्रम टिपलात तर तसे स्पष्ट लिहा.

अंदमान यादीतून खोडा. निदान तिथल्या जारवा आणि सेंटिनेली जमाती तरी. १९५६ च्या संरक्षण नियमनाखाली त्यांच्या राखीव क्षेत्रात जाणे गुन्हा आहे, २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाली. जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या ताफ्यानेच सोडतात, तिथे थांबणे आणि फोटो काढणे बंद आहे. काचेआडून मोबाइलने काढलेलाही चालत नाही. यावर कुठली पळवाट मी सांगणार नाही, शोधूही नका.

प्रदर्शन जरूर भरवा, पण पहिले कोळीवाड्यातच. समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये दोन दिवस, दोरीला चिमट्यांनी प्रिंटा लावल्या तरी पुरे. लोक येऊन नावे दुरुस्त करतील, 'हा फोटो काढून टाक' असेही सांगतील. तो काढून टाका. पुण्याच्या दालनात नेण्यापूर्वी याहून चांगली संपादकीय बैठक तुम्हाला मिळणार नाही.

आता लेन्स. पस्तीस मिलिमीटरची एक पुरते, फार तर जोडीला पंच्याऐंशी. पस्तीसने जवळ जावे लागते, हाच तिचा फायदा. मासळीची चकाकी पांढरी जळू नये म्हणून उजेड दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा. सोनेरी नारळावर फ्लॅश मारलात तर कागद पांढरा जळतो, त्यापेक्षा आयएसओ ३२०० पर्यंत न्या. सणाचे विजेचे दिवे पट्टे पाडतात, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. नाचाला ते कमी पडते, तेव्हा हात-पाय थोडे हलू देत. वाळत घातलेले बोंबील, जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने टांगलेले, सकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघा, ताजे असतात तेव्हा उजेड त्यांच्या आरपार जातो. बोटीवर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसा, मग कोरड्याने. थेट कोरडे फडके फिरवलेत तर मिठाचे कण काच घासतात. आणि चामडी बूट घरी ठेवा, रबरी चप्पल किंवा गमबूट घाला.